ओठ माझे, आवाज विहिणीचा

संघर्षच्या नामकरणाला पाळणा मी गायला होता. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत हे सर्वांना ठाऊक आहे. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिले आणि दोरी माझ्या हाती आली. कारण आमच्या घरात पाळणा म्हणण्याचा मान बाळाच्या वडिलांच्या आईचा. चांदवडहून आलेल्या विहीणबाई, लताबाई, त्या दिवशी मागे उभ्या होत्या आणि मागेच शोभत होत्या.

म्हणून नातवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या तयारीत जे दिसले ते मला सोसवले नाही. मुलगा अश्विन कॉम्प्युटरवर नामकरणाचा व्हिडिओ पाहत होता. पडद्यावर दोरी माझ्या हातात, ओठ माझे हलत होते, आणि आवाज येत होता लताबाईंचा. गोड, चढा, अजून न पिकलेला.

"हा काय प्रकार आहे?"

"आई, कॅमेरा कूलरशेजारी होता. व्हिडिओत नुसती घरघर आहे. म्हणून त्याचा आवाज बंद केला, आणि शेजारी गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे रेकॉर्डिंग लावलं. दोन्ही एकदम सुरू करायचं. रविवारी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवू."

"मग मी काय मुकी झाले आहे?"

सून अंजली हळूच म्हणाली, "मागच्या आठवड्यात तुमचा घसा बसला होता ना आई, म्हणून माझ्या आईला सांगितलं."

मी नुसती 'आई'. चांदवडची 'माझी आई'. हा एक शब्द मला दर वेळी ऐकू येतो.

"पंखा बंद करा. मी गाते."

मी गायले. सॉफ्टवेअरमध्ये माझे रेकॉर्डिंग लागले, पण पडद्यावरची मी दुसऱ्या कडव्यात पोहोचले तरी आवाजातली मी पहिल्यातच रेंगाळत होते. पुन्हा गायले, तर आवाज पुढे निघून गेला.

"आई, तू स्वतःलाच मागे टाकतेयस," अश्विन हसला.

मी हसले नाही. माझ्या ओठांवर माझेच गाणे बसत नाही आणि दुसरीचे नेमके बसते, हे कसे?

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना मी कॉम्प्युटरपुढे बसले. मुख्याध्यापिका होते मी; दोन बटणे एकदम दाबायला मला शिकवणी नको. इकडे व्हिडिओ, तिकडे लताबाई. तिसऱ्या कडव्यात पडद्यावरची मी थांबले. पाळण्याभोवती कॉलनीची पोरे दाटली होती, त्यांना दटावायला मी मध्येच गाणे तोडले होते. त्याच क्षणी लताबाईही थांबल्या. मी पुन्हा सुरू केले, त्यांनीही केले. पदर सावरताना मी घेतलेला श्वाससुद्धा त्यांनी घेतला होता.

मी फोन लावला. "लताबाई, तिसऱ्या कडव्यात का थांबलात?"

"तुमीच थांबल्या ना, ईनबाई! मुका व्हिडिओ समोर ठिवून म्हटलं म्या. लय येळा तुमचं तोंड पाह्यलं, तवा कुठं बसलं."

आभार मानायला हवे होते. मी म्हणाले, "पदर सावरल्यानंतर किंचित घाई झाली आहे."

"अगं बाई, शाळेच्या बाई काही सुट्टी देत नाय!" त्या खळखळून हसल्या.

माझा जळफळाट मात्र वाढला. या बाईला आता माझा श्वास पाठ होता, आणि मला तिचा काहीच ठाऊक नव्हता.

रविवारी हॉल भरला. पुढच्या रांगेत लताबाई माझ्या शेजारी, संघर्ष त्यांच्या मांडीवर. गाणे सुरू झाले आणि माना डोलू लागल्या. कोणी तरी म्हणालेही, "काय गोड गळा आहे!" मी समोर पाहत राहिले. तिसरे कडवे आले. आवाज थांबला. पडद्यावर माझे बोट वर गेले, ओठ हलले, आणि हॉल शांत झाला.

मी खुर्चीतूनच गरजले, "मागे सरा सगळे! बाळाला वारा लागू द्या!"

हॉल खदखदून हसला. टाळ्या वाजल्या. गाणे पुढे सुरू झाले, पण संघर्ष गाण्याकडे वळला नाही. दोन्ही हात पसरून माझ्याकडे झेपावला.

"तेवढी जागा तुमच्यासाठीच सोडली व्हती," लताबाई पुटपुटल्या.

"जागा माझीच होती. तुम्ही राखलीत," मी म्हणाले आणि नातवाला उचलून घेतले.

त्यांची नजर स्वतःच्या रिकाम्या मांडीवर गेली, तिथून माझ्याकडे आली. ती नजर मी लगेच ओळखली. आठवडाभर ती माझी होती.