सतरा नंबरच्या प्लॉटवरचा झरा

तीन बस भरून आलेली माणसं डोंगराच्या उतारावर उन्हात उभी होती आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा एका काठीवर खिळल्या होत्या. काठी उंच, वरच्या टोकाला लोखंडी कड्या अडकवलेल्या, आणि ती धरणारा माणूस अनवाणी. लोक त्याला झरेबाबा म्हणत. झरेबाबा डोळे मिटून चार पावलं पुढे जात, थबकत, जमिनीकडे कान वळवत आणि मान हलवत दोन पावलं मागे येत. जमीन काहीतरी सांगतेय आणि यांना ते नीट ऐकू येत नाहीये, असा एकूण प्रकार.

“आई आहे ती,” बाबा म्हणाले. “आईकडे पाणी मागायला लाज कसली? मी लेकराच्या आवाजात मागतो, ती देते. यंत्रवाल्यांना ती देत नाही, कारण यंत्राला आई नसते.”

यंत्राला आई नसते, हे वाक्य बऱ्याच जणांना फारच आवडलं. एका गृहस्थांनी ते खिशातल्या डायरीत लिहूनही घेतलं.

मग काठी थरथरायला लागली. बाबांनी ती तीनदा खडकावर आपटली, कड्या खणखणल्या, आणि बाबांनी मोठ्या आवाजात जमिनीची विनवणी सुरू केली. विनवणी चांगली मिनिटभर चालली. तेवढ्यात खडीखाली ओल दिसली, बुडबुडे आले आणि पाठोपाठ मनगटाएवढी पाण्याची धार उसळली. महिनोन् महिने थेंब न पडलेल्या त्या उतारावर माणसं लहान मुलांसारखी पाण्याकडे धावली.

जमिनी विकणारा एजंट याच क्षणाची वाट पाहत होता. त्याने नकाशा उघडला. अख्खा डोंगर त्यावर चौकोनाचौकोनांत वाटलेला होता, आणि झरा फुटला होता सतरा नंबरच्या चौकोनाच्या कोपऱ्यात. “हवा डोंगराची, पाणी पोटातलं,” तो म्हणाला. “सुट्टीला या, घर बांधा, नाहीतर नुसती घेऊन ठेवा, जमीन वाढतच जाणार. आणि हे पाणी फुफ्फुसांना, सांध्यांना, साखरेला, सगळ्यालाच लागू आहे.”

फुफ्फुसं हा शब्द ऐकून गर्दीतला एक माणूस पुढे सरकला. तो गाड्यांच्या कारखान्यात रंगारी होता. सव्वीस वर्षं त्याने पत्र्यावर रंगाचे फवारे मारले होते आणि त्यातला थोडा थोडा रोज आत घेतला होता. आता जिना चढताना तो मधल्या पायरीवर बसायचा आणि कुणी पाहिलंच तर चपलेचा पट्टा नीट करत असल्याचं दाखवायचा. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, “गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते सांभाळू. श्वासाचा पंप सकाळ-संध्याकाळ, एकदाही चुकवायचा नाही.”

रंगाऱ्याने गुडघे टेकले, ओंजळ भरली, तोंडावर पाणी मारलं, पोटभर प्यायला आणि हसला. त्याच्या बायकोने त्याला तसं हसताना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनेही ओंजळ भरली. पहिला घोट घेतला आणि ती जागच्या जागी थांबली.

ती शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात तपासनीस होती. एकोणीस वर्षं रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पाणी किती पिवळं होतं ते पाहायचं आणि त्यावरून क्लोरीनचा आकडा वहीत लिहायचा, हे तिचं काम. गल्लीत तिला सगळे पाणीवाल्या बाई म्हणत. क्लोरीनचा वास तिला झोपेतही ओळखू आला असता. डोंगराच्या पोटातून आलेल्या पाण्याला तिच्याच केंद्रातल्या टाकीचा वास येत होता.

“कसं आहे गं?” नवऱ्याने विचारलं. त्याच्या भुवयांवरून पाणी निथळत होतं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “गार आहे,” त्या म्हणाल्या.

एवढंच. त्यांना वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या घरी शांतपणे सांगू.

पण बाजूला शिवणकाम करणाऱ्या काकू उभ्या होत्या. बाईंच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. चाळीस वर्षं मशीन चालवून त्यांचे गुडघे धरले होते आणि नवरा गेल्यापासून त्या कोणतीही गोष्ट बाईंना विचारल्याशिवाय करत नसत.

“तू प्यायलीस?” काकूंनी विचारलं.

“प्यायले.”

“मग झालं तर, तू तर पाणीपुरवठा केंद्रातली,” म्हणत काकू एजंटकडे वळल्या. एजंटचे कान तिखट होते. “ऐकलंत का,” त्याने सगळ्यांना सांगितलं, “पाणीपुरवठा केंद्रातल्या बाईंनी स्वतः पिऊन पाहिलंय.” परतीच्या वाटेवर, बसमध्येच, अकरा जणांनी सह्या केल्या. सतरा नंबर रंगाऱ्याने घेतला. म्हातारपणासाठी ठेवलं होतं ते त्यात गेलं. काकूंनी आपल्या शिवणकामाच्या दुकानाचा गाळा विकून सोळा नंबर घेतला, शेजार राहावा म्हणून.

उद्या आला आणि गेला. रंगारी सकाळी उठून कागदावर घर काढत बसला होता. दोन खोल्या, पुढे पूर्वेकडे तोंड करून ओटा. भिंतींना रंग तो स्वतः देणार होता, फवाऱ्याने नव्हे, ब्रशने, हळूहळू. कारखान्यातल्या मित्राकडून त्याने रंगांची कार्डं आणली होती आणि दोन पांढऱ्यांमधला कोणता घ्यायचा यावर तो बायकोशी गंभीरपणे वाद घालत होता. “हा पांढरा उन्हात डोळ्यांवर येतो. हा बघ, यात चिमूटभर पिवळा आहे.” बाईंना दोन्ही सारखेच दिसत. त्या रोज ठरवायच्या, आज सांगायचंच. आणि तो रोज एक नवं कार्ड पुढे करायचा.

दर रविवारी बस जायची. रंगारी चार बाटल्या भरून आणायचा आणि आठवडाभर घोट घोट प्यायचा. “बरं वाटतंय,” म्हणायचा. बाईंनीही तसं मानून घेतलं. तपासणं हाच ज्यांचा धंदा, त्या बाईंनी एक गोष्ट सहा आठवडे तपासली नाही.

सहाव्या आठवड्यात कपाट आवरताना त्यांच्या हाती पंप लागला. पंपाच्या मागे एक छोटी खिडकी असते, त्यात उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो. आकडा होता चौऱ्याऐंशी. डोंगरावर पहिल्यांदा गेले त्या सकाळीही तो चौऱ्याऐंशीच होता. आकडे त्यांच्या डोक्यातून सहसा जात नसत.

रंगारी जेवणाच्या टेबलाशी कार्डं मांडून बसला होता. बाईंनी पंप त्याच्यासमोर ठेवला.

“सोडला तुम्ही?”

“गरज वाटेना. पाण्याने मोकळं होतंय की.”

“ते पाणी नळाचं आहे.”

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. “तुला काय माहीत?”

“क्लोरीन आहे त्यात. डोंगराच्या पोटात क्लोरीन नसतो, तो माणसाने घातलेला असतो. मला पहिल्याच घोटाला कळलं होतं.”

त्याने हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं. त्याच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. ती किती दिवसांपासून येत होती, हे बाईंना आठवेना.

“मग सहा आठवडे काय करत होतीस तू?”

“तुम्ही हसत होतात,” बाई म्हणाल्या.

त्याने कार्डं एकेक करून गोळा केली, टेबलावर आपटून कडा जुळवल्या आणि गठ्ठ्याला रबर लावलं. “काकूंना सांगितलंस?”

“नाही.”

“माझं राहू दे,” तो म्हणाला. “पण त्या माउलीने तुझ्या शब्दावर गाळा विकला.”

पंप त्याच दिवशी पुन्हा सुरू झाला. पण चौथ्या दिवशी दुपारी त्याचे ओठ निळे पडले आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. शनिवारी तोंडावरचा मास्क बाजूला करून तो म्हणाला, “उद्या बस आहे. तू जा.”

“तुम्हाला सोडून?”

“इथे डॉक्टर आहेत. तिथे त्या लोकांना कोण आहे?”

रविवारी डोंगरावर पहिल्याइतकीच गर्दी होती. काकू आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन आल्या होत्या. पंधरा नंबर अजून शिल्लक होता. काठी थरथरली, कड्या खणखणल्या, विनवणी झाली, धार उसळली. बाईंनी पिशवीतून तपासणीची पेटी काढली, काचेच्या नळीत पाणी भरलं आणि औषधाचे थेंब टाकले. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी लख्ख पिवळं झालं.

“हा क्लोरीन,” बाई म्हणाल्या. “तुमच्या-माझ्या घरच्या नळाला येतो तोच. झऱ्याच्या पाण्यात तो कधीच सापडत नाही. हे पाणी कुणीतरी इथे वाहून आणलंय.”

झरेबाबा गडबडले नाहीत. ते मुरलेले होते. “पिवळं का झालं, सांग ना मुली,” ते मायेने म्हणाले. “सोनं आहे आईच्या पोटात. सोन्याचा रंग उतरलाय पाण्यात.”

गर्दीत समाधानाची कुजबुज पसरली. क्लोरीनपेक्षा सोनं बरं, असं कुणालाही वाटणारच.

“मग आजचा दिवस धार चालू ठेवा,” बाई म्हणाल्या. “दर रविवारी बस सुटायच्या आधी झरा आटतो. आज आपण बसू या, संध्याकाळपर्यंत.”

“आईची परीक्षा घेतेस?” बाबांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

काकू रागाने लाल झाल्या होत्या. “अगं, तूच प्यायलीस ना त्या दिवशी? मी तुला विचारलं होतं.”

“विचारलं होतंत. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही.”

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंची मान खाली गेली. पुढे वर्षभर त्यांना ती नजर रोज आठवत राहिली. मग काकूंनी चष्मा पुसला आणि धारेपासून वर, डोंगराकडे, बारीक डोळे करून पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी फाटकी कापडं जोडली होती. जोड त्यांच्या नजरेतून सुटत नसे. गवत सगळीकडे वाळलेलं होतं, पण सतरा नंबरच्या कोपऱ्यातून वर एक सरळ पट्टा गेला होता, तिथे गवतच नव्हतं आणि दगड ओळीने बसवल्यासारखे दिसत होते.

“ही शिवण आहे,” काकू म्हणाल्या. “इथे उसवून पुन्हा शिवलंय.”

दुखऱ्या गुडघ्यांनी त्या पट्टा धरून वर चढू लागल्या. बहीण मागे, मग बाई, मग सगळीच माणसं. वर झुडपांमागे फांद्यांनी झाकलेली प्लॅस्टिकची मोठी टाकी जमिनीत पुरलेली होती. मागच्या बाजूने टँकरच्या चाकांचे ओले व्रण कच्च्या रस्त्याला गेले होते. टाकीपासून खाली नळी गेली होती, तिच्या तोंडावर एक चावी, आणि चावीशेजारी उपड्या बादलीवर बसलेला एक माणूस विडी ओढत होता. एवढी माणसं पाहून तो उठून उभा राहिला.

“इथे काय करता?” बाईंनी विचारलं.

“कड्या वाजल्या की चावी सोडायची, बस निघायच्या वेळी बंद करायची,” तो म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. “पाणी खाली पोचायला मिनिटभर लागतं. तोवर बाबा बोलतात.”

एवढंच होतं सगळं. थरथर बाबांच्या स्वतःच्या मनगटाची, खणखणाट इशाऱ्याचा, विनवणी नळी भरेपर्यंतचा वेळ काढण्यासाठी, आणि पाणी बाईंच्या केंद्रातलं.

माणसं खाली उतरेपर्यंत बाबा काठी टाकून एजंटच्या गाडीत बसले होते. एजंट मात्र खिडकीतून म्हणाला, “कागद वाचा. पाण्याची हमी कुठे लिहिलीय दाखवा.” ती कुठेच लिहिलेली नव्हती. आणि बसमध्ये बाईंशी भांडले ते एजंटने फसवलेलेच. “तुम्ही गप्प बसला असतात तर आम्ही दुसऱ्याला विकून मोकळे झालो असतो,” एक जण म्हणाला. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

बाई थेट रुग्णालयात गेल्या. “सांगितलंस?” रंगाऱ्याने विचारलं.

“सांगितलं. नळी काकूंनीच शोधली.”

त्याने डोळे मिटून घेतले. बुधवारी सकाळी, डॉक्टरांची फेरी चालू असताना, तो गेला. नंतर बाईंनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली. सहा आठवडे पंप चालू असता तर? डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही आणि दोषही दिला नाही. “सांगता येत नाही,” ते म्हणाले. आयुष्यभर आकडे लिहिणाऱ्या बाईंना या एका प्रश्नाचा आकडा कधीच मिळाला नाही.

पुढच्या महिन्यात फसलेल्या लोकांनी तक्रार करायला वाचनालयात बैठक घेतली. झरेबाबांना पोलिसांनी धरलं होतं, एजंटचा पत्ता नव्हता. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. गाळा गेल्यापासून त्या घरीच, खिडकीपाशी मशीन लावून शिवत. बाई जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे पाहत.

कुणीतरी बाईंना बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या.

“मी शिकलेली आहे,” त्या म्हणाल्या. “हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. माझ्या माणसाला आनंद झाला होता, तो मोडवेना, म्हणून मी गप्प बसले. त्यात तो गेला की नाही, ते मला कळणार नाही. काकूंचा गाळा मात्र माझ्यामुळेच गेला. बाबांनी तर सगळ्यांनाच फसवलं, पण काकूंनी बाबांवर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता.”

मग त्या सगळ्यांकडे वळल्या.

“जमीन घ्यायची असेल तर उन्हाळ्यात एकटे जाऊन पाहा. तिथे आधीपासून राहणाऱ्यांना विचारा, पाणी कुठून आणता. कागदावर काय लिहिलंय ते वाचा, आणि काय लिहिलेलं नाही तेही बघा. आजाराला पाणी सांगणाऱ्याला विचारा, कुणी तपासलं, कधी तपासलं. उत्तर द्यायच्या आधी तो चिडला तर निघून या. हे सोपं आहे, कुणालाही जमेल. अवघड एकच आहे. आपलं माणूस आशेने काही धरून बसलं असेल आणि ते खोटं आहे हे आपल्याला कळलं असेल, तर त्याला त्याच दिवशी सांगा. जवळ बसून, हात धरून सांगा, पण त्याच दिवशी सांगा. दुसऱ्या दिवशी ते आणखी अवघड होतं.”

बाई खाली बसल्या. काकूंनी वळून पाहिलं नाही. पण तक्रारीचा कागद फिरत आला तेव्हा त्यांनी आपल्या नावापुढे सही केली आणि साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवून कागद मागे, बाईंच्या हातात दिला.