मस्कतहून राजिवड्यात

अद्नान मस्कतला गेल्यापासून राजिवड्यातल्या त्या घरात शुक्रवारची दुपार म्हणजे फोनची दुपार. जुम्म्याची नमाज पढून तो खोलीवर आला, की इकडे घंटी वाजे आणि अम्मा हातातलं काम टाकून त्याच्या बहिणीच्या, इशरतच्या शेजारी येऊन बसे.

जाण्याआधी त्याने घरात कॉम्प्युटर घेतला होता. खाडीकाठच्या दमट हवेनं अल्बमची पानं चिकटायला लागली, तेव्हा सगळे फोटो सोडवून, स्कॅन करून त्यात भरले. अब्बा जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. ते वारल्यावर अम्मा रोज एकदा इशरतला कॉम्प्युटर लावायला सांगून ते फोटो बघायची. पण २००७ च्या पावसाळ्यात कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि तो फोल्डर रिकामा दिसू लागला. दुरुस्तीला नेला, तर दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारूया, दुसरा इलाज नाय." इशरतने मशीन उचलली आणि रिक्षात घालून घरी आणली.

"कुणाला हात लावू देव नको," अद्नान फोनवर म्हणाला. "मीच हितून आत येतंय."

म्हणजे रिमोट डेस्कटॉप. मस्कतला बसून त्याने घरचा कॉम्प्युटर चालवायचा. पण मध्ये इंटरनेटचा राऊटर होता. बाहेरून आलेल्याला घरातल्या कुठल्या मशीनकडे पाठवायचं, हे त्या डब्याला सांगून ठेवावं लागे. अद्नान एकेक आकडा सांगत गेला, इशरत राऊटरच्या पानावर भरत गेली. फायरवॉलमधूनही वाट दिली. तरी मस्कतला एकच उत्तर येई, जोडणी होत नाही. त्या शुक्रवारी जमलं नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही.

इशरत बालवाडीत शिकवायची. कॉम्प्युटरचं शिक्षण असं तिला नव्हतंच. पण लहानपणी पतंगाच्या मांज्याचा गुंता सोडवायचं काम अद्नान तिच्याच गळ्यात घालायचा, आणि गुंता सुटेपर्यंत ती जागची हलत नसे. तिसऱ्या शुक्रवारी फोन यायच्या आधीच ती पडद्यासमोर बसली. राऊटरला दिलेला नंबर एक होता, मशीन स्वतःचा सांगत होती तो दुसराच.

"अद्नान, ह्याचा नंबर बदललाय रे."

"बदलेल कसा?"

"लाईट जाते ना रोज. परत चालू झाला की राऊटर ह्याला नवा नंबर देतो. आपण जुन्या पत्त्यावर पाठवतोय तुला."

पलीकडे तो हसला. "मी इतके दिवस शेजारच्या घराची कडी वाजवत होतंय म्हण की."

मग मशीनला कायमचा नंबर दिला. या वेळी मस्कतच्या पडद्यावर घरच्या कॉम्प्युटरचं दार दिसलं, पण आत घेईना. घरात कधी कुणी पासवर्ड ठेवलाच नव्हता, आणि पासवर्डशिवाय बाहेरच्याला आत सोडायचं नाही असा त्या मशीनचा नियम. तोही ठेवला. आणि मग अद्नानचा आवाज एकदम बारीक झाला.

"आलंय मी. दिसला सगळा."

अम्मा पुढे सरकली. लेक आत येईल तेव्हा आपल्याला काहीतरी दिसेल, असं तिने गृहीत धरलं होतं. पण इकडचा पडदा आपोआप बंद झाला आणि त्यावर फक्त नाव आणि पासवर्डची चौकट उरली.

"आला नि दार लावून घेतलान?" अम्मा म्हणाली.

"असाच असतो अम्मा. तो आत असला की आपल्याला दिसत नाय."

अम्मा तरीही उठली नाही. पूर्वी अभ्यासाच्या नावाखाली तो माळ्यावर जाऊन बसे, तेव्हाही ती अशीच खाली बसून वरची खुडबुड ऐकत राही. आता खुडबुड होती ती कॉम्प्युटरमधल्या डिस्कची. तेवढी मात्र दोघींना स्पष्ट ऐकू येत होती.

बऱ्याच वेळाने अद्नान म्हणाला, "व्हायरसने लपवले होते, गेले नव्हते. सगळे आहेत. आता तू ये आत."

इशरतने पासवर्ड टाकला. पडदा उघडला आणि त्याने उघडा ठेवलेला एक फोटो समोर आला. तो अब्बांचा नव्हता. मागच्या दारी जांभ्या दगडाच्या पायरीवर बसून बांगडे साफ करणारी तरुण अम्मा, मान वर करून खळखळून हसणारी.

"हा कवा काढला?" अम्माने विचारलं. "मी बगितलाच नाय कधी."

"अब्बांच्या पेटीत होता, मी वेगळ्या फोल्डरात ठेवला नि दाखवायचा राहिला," फोनवरून अद्नान म्हणाला. "कॅमेरा त्यांचाच. ते घरी आले होते तेव्हाचा."

इशरत लहान असताना अब्बा वर्षाकाठी एकदा यायचे. ते आले की घरात अत्तराचा आणि परदेशी साबणाचा वास भरायचा, आणि अम्मा दिवसभर उगाचच मोठ्याने बोलायची. तिचं हे हसू मात्र इशरतच्या लक्षातून पार गेलं होतं.

अम्माने पदराने पडदा पुसला. धूळ नव्हतीच.

"ह्यांना मी ओरडले होते तेव्हा," ती म्हणाली. "म्हटलं, माशाचे हात आहेत, आता कसले फोटो काढता."

मग ती कितीतरी वेळ अद्नानशी बोलत राहिली, नुसतं अब्बांबद्दल. इशरत उठून चहा ठेवायला आत गेली.