दुसरी हाक आलीच नाही

मी गुंजनच्या पोटातला पीतपिंड बोलतोय. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. बोराएवढा पिवळा गोळा आहे मी, आणि आज बहुतेक माझा शेवटचा दिवस आहे.

गुंजनच्या जन्माआधीपासून मी तिच्या बीजाशयात आहे. तेव्हा मी नुसतं एक बारीक कवच होतो, पोटाशी एक बीज धरून बसलेलं. भोवतालची कितीतरी बीजं सुकून गेली, आम्ही टिकलो. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. गोळ्या झाल्या, उपास झाले. शेवटी भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बीजं थोडीच उरलीत, हा एक प्रयत्न करू, मग आशा धरू नका.

औषधांनी मी फुगलो आणि मग ते इंजेक्शन आलं. त्यातलं संप्रेरक माझ्या पेशींना येऊन चिकटलं. मुळात ते पोटात रुजलेलं बाळ पाठवत असतं, म्हणजे बाळाची हाकच ती. ती ऐकून माझ्या पेशी स्वतःचीच भिंत विरघळवू लागल्या. दीड दिवसात बीज सुटणार होतं आणि पुढे दिवसभरही जगणार नव्हतं. या दोन रात्री दोघं जवळ राहा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

पण त्याच दिवशी लाखनीकडे तिच्या नवऱ्याच्या, कैलाशच्या, बहिणीच्या गावची मंडई होती. दिवाळीनंतरच्या या जत्रेला भाऊ गेला नाही, तर बहीण वर्षभर बोलत नाही. तो दवाखान्यातून परस्पर बसस्टँडवर गेला.

"सांजेपर्यंत वापस येजा," एवढंच गुंजन म्हणाली आणि एकटी घरी, मोहाडीला परतली.

तो दोन मुक्काम करून तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आला. बहिणीने मंडईतल्या नाटकासाठी थांबवलं, मग तिच्या सासऱ्यांनी जेवणासाठी.

"सगळ्यायसमोर कसं सांगू? मले लाज वाटली," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला, अजून जात नाही. मूल कधी, हे चारचौघांत विचारायला मात्र कुणालाच लाज वाटत नाही. त्या रात्री ती दोघं जवळ आली, पण तोवर बीज विरून गेलं होतं. गुंजनला ते कळायला मार्ग नव्हता.

बीज गेल्यावर त्या रिकाम्या कवचाचा मी पीतपिंड झालो. बाळ येईल म्हणून प्रोजेस्टेरॉन पाठवत राहिलो, गर्भाशयात मऊ गादी घालत राहिलो. त्यानेच तिची छाती जड झाली, तिला मळमळू लागलं. तिने वेगळंच समजलं. काल सासूला हळूच म्हणाली, "आई, मले मळमळून राहिलं."

शकुंतलाबाईंनी तिच्या हातातून पाण्याचा पितळी गुंड काढून घेतला. "आता हे तू उचलू नको," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

पहिली हाक इंजेक्शनची होती; दुसरी, तिच्या स्वतःच्या बाळाची आली असती, तर मी कितीतरी दिवस टिकलो असतो. रोज कान देऊन बसलो. आता मी आटत चाललोय, गादी सुटू लागली आहे. माझ्या जागी एक पांढरा व्रण राहील.

गुंजन, उद्या पाळी आली की तुला कळेल. तेव्हा स्वतःला दोष देऊ नकोस. तुझ्याइतकीच वाट मीही पाहिली. आत्ता तू ओसरीत तांदूळ निवडते आहेस आणि मधूनच पोटावर हात ठेवतेस. तो हात माझ्यासाठी नाही, तरी मला कळतो.