गोलाचं माप

"पाइप कमी पडला, तरी बोलणी आम्हीच खायची!" हातमोजे काढता काढता वेल्डर पुटपुटला.

वर्कशॉपच्या मालकांच्या सुनेनं ते ऐकलं. बालवाडीच्या गच्चीचा कठडा पुरा झाला की नाही ते बघायला मालकांनी तिला पाठवलं होतं. कठडा तर पुरा दिसत होता. मग पाइप कमी कुठे पडला?

"कुठे म्हणजे? दोन्ही बाजू दहा-दहा मीटर, समोर अर्धगोल. मालकांनी गोलाच्या दोन टोकांना सरळ टेप धरला आणि सात मीटर लिहिले. वहिनी, कठडा काय असा मधून सरळ जातो? तो गोलाच्या कडेकडेनं जातो. तिथं अकरा मीटर भरतात!"

"मग उरलेले चार?"

"वरचा पाइप भंगारातून जोडला. सळ्या होत्या तेवढ्याच, पसरून लावल्या."

"मामंजींना सांगितलं नाहीत?"

"तुम्ही सांगता का, घरात?"

मामंजींनी सोमवारला मंगळवार म्हटलं, तर अख्खं घर निमूट मंगळवार पाळायचं.

ती अर्धगोलापाशी वाकली. सळ्यांमधून हात गेला. खांदा गेला. मग डोकंही गेलं! खाली तीन मजले आणि मग फरशी. डोकं मागे घेताना कान अडकले.

गच्चीची लादी पुसणाऱ्या बालवाडीच्या मावशींनी तिला मागे ओढलं. "अगं बाई! तुझं डोकं जातं, तर माझी पोरं अख्खी जातील की! उद्या सकाळी इथंच खेळायला आणायची आहेत त्यांना."

"मावशी, मामंजी फार रागावतील हो."

"रागावू देत. कुणी रागावलं म्हणून माणूस तिसऱ्या मजल्यावरून पडत नाही."

वाचकहो, मोठ्यांचा मान राखायला आपण गप्प बसतो, असं आपण सांगतो. खरं तर बसतो भीतीनं, आणि त्या भीतीचं मोल भलतंच कुणी लहानगं मोजतं. चूक दाखवणं म्हणजे अपमान नव्हे. ती झाकणं हाच खरा अपराध!

जिन्यात मालकांचा खोकला ऐकू आला. वेल्डरनं मान खाली घातली. मालकांनी वर येऊन कठड्यावर हात ठेवला.

"झालं ना सगळं बरोबर?"

तिनं सळ्यांमधल्या फटीकडे बोट दाखवलं.

"नाही, मामंजी. माप तुमचं चुकलंय. आणि आम्ही सगळे तुम्हाला घाबरतो, म्हणून कुणी सांगितलं नाही."