सीट अर्धं बोट पुढे

माझी सून शर्यतीची सायकल चालवते. रविवारी संघाची निवड होती. पहिल्या दहांत आली तर संघात, नाहीतर घरी. आणि विसाव्या किलोमीटरला तिच्या मांडीत मागून गोळे येत होते.

सीट तिच्या मास्तरांनीच महिन्यापूर्वी आमच्या पुढच्या खोलीत बसवली होती. तिला सायकलवर चढवून गुडघ्यावरून दोरीला टांगलेला ओळंबा सोडला आणि तो पॅडलवर पडेपर्यंत सीट मागे सारली. ओळंबा आमच्या ह्यांचा. हे गवंडी, घर ह्यांनीच बांधलेलं. या घरात एक रेघ वाकडी दाखवा, नाक कापून देते, असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय.

मास्तर पुन्हा आले. "सीट पुढे असली की मांडीची पुढची बाजू जास्त राबते, मागे गेली की मागची. ओळंबा बरोबर पडतोय, तरी रस्त्यावर मागचीच मरमर राबते. पुढची नुसती बसून."

"एकाच पायात दोन जावा," मी म्हटलं. "बसून खाणाऱ्यांना मी चांगली ओळखते."

"आई, माझ्याकडे का बघतेस?" मुलगा म्हणाला.

चार दिवस मी पुढच्या मांडीला तेल चोळलं आणि चोळता चोळता त्या आळशी मांडीची खरडपट्टी काढली.

"सासूबाई, मांडीला ऐकू येत नाही," सून म्हणाली.

"माझं सगळ्यांना ऐकू येतं."

गोळे हटेनात. शुक्रवारी मास्तर सुनेला सायकलवर बसवून पुन्हा मोजत होते, तेव्हा त्यांची पेन्सिल पडली आणि घरंगळत थेट दाराशी गेली. त्यांनी ती आणून पुन्हा ठेवली. पुन्हा गेली.

"फरशीला उतार आहे! पुढचं चाक दाराकडे, म्हणजे खाली, म्हणून इथे गुडघा पुढे दिसतो. सपाट रस्त्यावर तो मागे राहतो. सीट फार मागे गेलीय!" मास्तरांच्या अंगात आलं. मुलाला खुर्चीत बसवून त्याच्याही गुडघ्याला ओळंबा लावला. "तुम्ही सगळे तीस वर्षं उतारावर बसताय! काकू, तुमचा गुडघा?"

"हात लावून बघा."

ह्यांनी पेपर तोंडावर ओढला. सून सायकलवरच होती. ती एक शब्द बोलली असती तर मी तिथेच तिला धारेवर धरलं असतं आणि रविवार हातचा गेला असता. बोलली नाही. नुसती हँडल घट्ट धरून होती.

मी स्वयंपाकघरातून भाजी चिरायची फळी आणली आणि पुढच्या चाकाखाली सरकवली.

"फरशी सरळच आहे," मी बजावलं. "ओळंबा वाकडा लटकतो."

"काकू, ओळंबा वाकडा कसा—"

"मास्तर, सीट पुढे घ्या."

सीट अर्धं बोट पुढे आली.

रविवारी सून सातवी आली. सोमवारी पुढच्या मांड्या दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी उतरत होती.

"दुखतंय?"

"फार."

"दुखू दे. आयुष्यात पहिल्यांदा कामाला लागलीय ती."