बुटकीची डावी पायरी

"पत्रा आखूड पडतोय," मी म्हटलं.

"पडणार नाही. नकाशात बरोबर आहे," फिटर खुर्चीतून म्हणाले.

नकाशात सगळं बरोबरच असतं. कागदावर काढलेला शर्टही बरोबरच असतो, अंगात घातल्यावर कळतं. मी पितळेचा तो पातळ पत्रा पुन्हा पेन्सिलीभोवती वळवला, आतल्या नळकांड्यावर चढवला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. दोन कडांच्या मधून चक्क उजेड दिसत होता. फिटरनी चष्मा वर केला, खाली केला आणि कधी नव्हे ते कबूल केलं की आखूड पडतोय. नकाशा काढताना त्यांनी पत्र्याची जाडीच धरली नव्हती. अस्तरावर येणारं कापड जरा मोठं बेतावं लागतं, हे मला शिलाई शिकायला लागले तेव्हाच कळलं होतं.

"शिवणीत माया सोडायची असते," मी म्हटलं.

"हे इंजिन आहे, झबलं नाही," असं म्हणून त्यांनी लेकीला फोन लावला आणि संगणकावरच्या नकाशात पत्रा वाढवायला सांगितलं.

फिटर म्हणजे माझा नवरा. कारखान्यात सगळे त्यांना फिटर म्हणायचे, मग गल्लीतले म्हणायला लागले, आणि चारचौघांत माझ्याही तोंडात तेच बसलं. इंजिन म्हणजे बुटकी. आमच्या काचेच्या कारखान्यात वाळूच्या आणि कोळशाच्या वाघिणी ओढणारं वाफेचं इंजिन. चार चाकं, पाठीवर खोगिरासारखी टाकलेली पाण्याची टाकी, आणि अंगाच्या मानाने फार मोठा आवाज. बुटकीचे ड्रायव्हर होते माझे बाबा.

बाबा म्हणजे ताठ माणूस. कुणाचं घ्यायचं नाही, कुणाला लागतंय म्हणून सांगायचं नाही आणि कौतुक तर औषधालाही करायचं नाही. फिटरनी मला मागणी घातली, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, बाबा याला दारातूनच परतवून लावणार. कारखान्यात नवा, पगार बेताचा आणि बोलणं त्याहून बेताचं. बाबांनी हातातला पेपरही खाली ठेवला नाही. एकच वाक्य म्हणाले, "या मुलाला न सांगता कळतं." मला वाटलं, इंजिनाबद्दल म्हणतायत. फिटर नुसता आवाज ऐकून बुटकीचं दुखणं ओळखायचे, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. बाबांकडून एवढी पावती मिळाली म्हणून मी कितीतरी दिवस मिरवलं.

बाबा कारखान्याच्या आधी गेले, ते एक बरं झालं. कारखाना बंद झाला आणि बुटकी भंगारात निघाली. कापायला आलेल्या लोकांना फिटरनीच म्हणे दाखवलं, कुठून कापलं म्हणजे लवकर सुटेल. वेडंवाकडं कापून तिचे हाल करू नका, असं त्यांना सांगितलं आणि घरी येऊन जेवले नाहीत.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या मनात हे किट आलं. किट म्हणजे डब्यात सगळे सुटे भाग, घेणाऱ्याने घरी बसून जोडायचे, की तळहातावर मावेल एवढं इंजिन तयार. ते इवल्याशा रुळांवर पळतंसुद्धा. असा शौक असलेली माणसं जगात पुष्कळ आहेत, हे मला तेव्हा कळलं. फिटरनी आठवून आठवून बुटकीचा एकेक भाग कागदावर उतरवला, लेकीने तो संगणकावर चढवला, आणि अशी किटं विकणाऱ्या एका माणसाने ते भाग पितळेच्या पत्र्यावर कोरून दिले. हा किटवाला भला माणूस, पण धंद्याला पक्का. त्याची अट एकच होती. आखणाऱ्याने नाही, दुसऱ्या कुणीतरी हे जोडून दाखवायचं, आणि तेही ज्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाने. जमलं तर तो डबे बाजारात आणणार, नाही तर नमस्कार.

अशी व्यक्ती घरात एकच होती.

खरं तर फिटरना स्वतःला जोडता आलंच नसतं. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. डोळे मिटून बुटकीचे नट आवळणारा तो हात, हल्ली त्यात चहाचा कप भरून देता येत नाही. मी त्याबद्दल काही बोलत नाही. अर्धा कप भरते आणि दोनदा देते. बुटकी पुन्हा उभी राहिलेली त्यांना बघायची होती, आणि हात साथ देत होते तोवर ते सुचलं नव्हतं, याचा मला फार राग यायचा. कुणावर ते विचारू नका.

तर शिलाई मशीनच्या शेजारचं बेतायचं टेबल मी रिकामं केलं आणि बसले. पितळ जोडायचं म्हणजे सोल्डरचा डाग द्यायचा. तापलेलं टोक टेकवायचं, शिसं वितळून फटीत शिरतं आणि दोन्ही पत्रे धरून ठेवतं. सुरुवातीला बोटं भाजली, शिसं जिथं नको तिथं सांडलं, आणि फिटर मागे उभे राहून "अगं, अगं" करत होते. शेवटी मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, माझ्या मानेवर श्वास सोडणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम मी घेत नाही.

मग जमत गेलं. पहिल्यांदा दोनच ठिकाणी बारीक डाग देऊन बघायचं, बसलं तर पक्कं करायचं, ही माझी स्वतःची पद्धत. कच्चा टाका घालतो तसंच. ती फिटरना इतकी आवडली की त्यांनी माहितीपत्रकात लिहायला लावली. त्यांनी लिहिलेला क्रमही मी बदलला. आधी टाकी लावा आणि मग ड्रायव्हरसमोरचा, नळ-घड्याळांचा आतला फळा बसवा, असं त्यांनी लिहिलं होतं. टाकी लावल्यावर आत हात जाणार कुठून? बाही बंद करून झाल्यावर काखेत तुकडा लावायला सांगण्यातली गत. फिटर म्हणाले, खऱ्या बुटकीत आम्ही असंच करायचो. मी म्हटलं, तिथं तुम्ही अख्खे आत शिरायचात.

थोडक्यात, मला शिंगं फुटली होती. चुका सापडत होत्या, आणि सापडल्या की बरं वाटत होतं. फिटरही मनातून खूश होते, तसं न दाखवता. शेजारीण बघून गेली, तेव्हा तिला त्यांनी सांगितलं, "ही जोडतेय." दोनच शब्द, पण मी बाहेर उभी राहून ऐकले.

मग पायऱ्या आल्या. ड्रायव्हरला वर चढायला दोन्ही बाजूंना एकेक लोंबती पायरी असते. उजवी लावली, झकास बसली. डावी लावली तर ती उजवीपेक्षा खाली. बटणाच्या जाडीएवढाच फरक, पण मी जन्मभर कॉलरी आणि खांदे जुळवलेत, माझ्या डोळ्याला तेवढं पुरतं. मला वाटलं, माझंच चुकलं. डाग तापवून उसवली, पुन्हा लावली. पुन्हा खाली. तेव्हा म्हटलं, ही फिटरची चूक, आणि मोठ्या तोऱ्यात कानस घेतली, पायरीचं वरचं टोक घासलं आणि डावी उजवीच्या बरोबरीत आणून बसवली. मग बुटकी उचलून त्यांच्यासमोर नेऊन ठेवली.

त्यांनी ती फिरवून डावी बाजू स्वतःकडे घेतली.

"डावी का हलवलीस?" त्यांनी विचारलं.

"वाकडी होती."

"वाकडी नव्हती. खाली होती. मी खाली घेतली होती," ते म्हणाले. "तुझ्या बाबांसाठी."

मग त्यांनी सांगितलं. एकदा वाघिणीचा दांडा बाबांच्या गुडघ्यावर बसला होता, हे मला माहीत होतं. महिनाभर घरी होते, मग बरा झालो म्हणून कामावर गेले. फिटर तेव्हा नुकतेच लागले होते. रोज सकाळी बाबा बुटकीच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या चढायच्या जागी, येऊन उभे राहायचे आणि चिंध्यांनी हात पुसत बसायचे, हे त्यांनी पाहिलं. हात स्वच्छच असायचे. आजूबाजूला कुणी बघत नाही अशी खात्री झाली, की बाबा पायरीच्या दोन्ही बाजूंचे धरायचे दांडे पकडून नुसत्या हातांच्या जोरावर अंग वर ओढून घ्यायचे, कारण तो पाय त्या पायरीपर्यंत उचलतच नव्हता. कळलं असतं तर त्यांना इंजिनावरून काढून फाटकावर बसवलं असतं, आणि ते बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. म्हणून एकदा सगळे जेवायला गेले असताना फिटरनी पायरीचे बोल्ट काढले, नवी भोकं पाडली आणि पायरी चार बोटं खाली घेतली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

"मग बाबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. आले, खाली बघितलं, पाय ठेवला आणि चढले. शिट्टी मात्र जरा लांब दिली त्या दिवशी."

मी तिथंच खाली बसले. त्याच सुमारास बाबांनी माळ्यावरच्या खोलीत झोपणं सोडलं होतं. वर उकडतं, म्हणायचे. भर थंडीतही वर उकडतं म्हणायचे, आणि आम्ही सगळी पोरं त्यावर हसायचो. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस जिना टाळत होता आणि मला कळलं नाही. ज्याला कळलं, त्याला बाबांनी पेपरातून मान वर न करता मुलगी दिली. मला वाटत होतं, ते इंजिनाचं बोलतायत.

मी रडले. फिटरनी पाणी आणून दिलं, अर्धं वाटेत सांडलं. मग मी उठले, टोक तापवलं आणि डावी पायरी उसवली. वरचं टोक मी घासून टाकलं होतं, त्यामुळे आता ती आपोआप जागेवर बसणार नव्हती, नजरेच्या अंदाजानेच लावावी लागणार होती. फिटर जवळ आले आणि सांगत राहिले, अजून खाली, जरा खाली, बस. डाग असा बसला की मोडता मोडणार नाही.

ठरल्या दिवशी किटवाला आला. येताना भिंग आणि वीतभर रूळ घेऊन आला होता. बुटकीला रुळावर ठेवून बोटाने पुढे-मागे ढकललं, भिंगातून सगळे सांधे बघितले, आणि मला विचारलं, "काकू, खरंच तुम्ही जोडलंत?" मी म्हटलं, या घरात मशीनवर बसणारी बाई दुसरी कोणी दिसतेय का तुम्हाला? तो हसला. क्रम बदललेला त्याला आवडला, कच्च्या डागाची सूचना आवडली. फिटर खुर्चीत उजवा हात डाव्या हाताने धरून बसले होते, आणि त्यांचा चेहरा शाळेचा निकाल ऐकायला आलेल्या बापासारखा झाला होता.

मग त्याने बुटकी डोळ्यांसमोर धरली.

"डावी पायरी जरा खाली आलीय. पहिल्या खेपेला चालायचंच," तो म्हणाला.

मी सांगितलं, आखणीतच तशी आहे. तेव्हा तो गंभीर झाला आणि फिटरना समजावू लागला. या जातीच्या इतर सगळ्या इंजिनांना दोन्ही पायऱ्या सारख्या असतात. बुटकीचा डाव्या बाजूचा फोटो कुणाकडेच नाही. लोक ही चूक समजणार, डबे परत पाठवणार, आणि नाव त्याचं खराब होणार. तेव्हा एवढं सरळ करा, की लगेच कामाला लागतो. त्याच्या जागी तो बरोबर होता, हे मलाही कळत होतं.

फिटरनी माझ्याकडे पाहिलं. मला समजलं की ते आता हो म्हणतील. बुटकी उभी राहावी म्हणून त्यांनी एक पायरी सोडून दिली असती, आणि मग आयुष्यभर तिच्या उजव्या बाजूलाच बघत बसले असते.

"त्या पायरीवरून माझे बाबा चढायचे," मी म्हटलं. "ती सरळ केलीत तर ते इंजिन दुसऱ्या कुणाचं तरी असेल. ते खुशाल विका. त्यावर यांचं नाव नको आणि मी जोडलं असंही सांगू नका."

फिटर म्हणाले, "पायरी राहील."

लग्न झाल्यापासून त्यांनी इतक्या ठाम आवाजात माझ्यासमोर फार कमी वेळा काही म्हटलं आहे. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा एवढा अभिमान वाटला की मी उठून चहा ठेवायला गेले, नाहीतर पुन्हा रडले असते.

परत आले तेव्हा किटवाला पायरीवर भिंग धरून बसला होता. म्हणाला, ठेवू या, पण माहितीपत्रकात तसं छापावं लागेल. कारणही द्या, लोकांना अशा गोष्टी आवडतात. फिटरनी आणि मी एकदमच नको म्हटलं. ज्या माणसाने ते दुखणं घरच्यांनाही कळू दिलं नाही, त्याचं दुखणं डब्यात घालून गावोगाव कसं पाठवायचं? तुम्हाला सांगितलं ते सांगितलं. पत्रकात एवढंच छापलं आहे: डावी पायरी उजवीपेक्षा खाली आहे, ती तशीच लावा.

आता डबे जातात. घेणारे आपापली बुटकी जोडून किटवाल्याला फोटो पाठवतात आणि तो ते आमच्याकडे पाठवतो. कुणी तिला निळी रंगवतं, कुणी लाल. एका बाईंनी पिवळी केली, तेव्हा फिटर दिवसभर घुश्शात होते. मध्ये एकाने विचारलं होतं, ती पायरी खाली का? कळवून टाकलं, कारखान्यात तशीच होती.

फोटो आला की फिटर फोन डाव्या हातात धरतात आणि मला हाक मारतात. ते चाकं बघतात, टाकी बघतात, रंगाला नावं ठेवतात. मी आधी डावी बाजू शोधते. आजवर सगळ्यांनी पायरी खालीच लावली आहे.