डबीतली माता

जगातून देवीचा रोग गेला, असं रेडिओनं सांगितलं त्या उन्हाळ्यात करडीच्या केवळरामइतकं वाईट कोणालाच वाटलं नसेल. गावाबाहेरच्या मातामायच्या ठाण्याचा तो पुजारी. रोग होता तोवर मोठे मोठे शेतकरी त्याच्या पाया पडत. आता शेंबडी पोरंही त्याला रामराम घालेनात. मग तो पारावर बसून छातीठोकपणे सांगू लागला, "माता कोठीसा गेली नाही. माह्या घरी हाय, डबीत."

अशी बातमी भंडाऱ्याला पोचायला वेळ लागतो होय! एका सकाळी दारात जीप उभी राहिली आणि आतून एक तरुण सरकारी डॉक्टर उतरला.

केवळरामची धाकटी बहीण सुलोचना तेव्हा एकोडीहून माहेरी आलेली होती. अंगणातल्या चुलीवर ती धान उकडत बसली होती. ओसरीवरचा शब्दन् शब्द तिला ऐकू येत होता.

केवळरामनं पितळी डबी आणून डॉक्टरपुढे ठेवली. गावात माता यायची तेव्हा रोग्यांच्या अंगावर सुकलेल्या खपल्या तो या डबीत गोळा करायचा. त्याचे आजोबा मोठा रोग येऊ नये म्हणून तसल्याच खपल्यांनी लोकांना टोचायचे. टोचणं केव्हाच बंद पडलं, तरी नातवानं बियाणं जपावं तशी डबी जपली होती. सणावाराला पहिला नैवेद्य तिला. सुलोचनाला लहानपणापासून तिची इतकी किळस, की मागून आलेली पुरणपोळी घशाखाली उतरायची नाही.

डॉक्टरचे डोळे मात्र लकाकले. "काका, आता हे जगात फक्त दोन-चार प्रयोगशाळांत उरलंय, तेही कुलपात. मला द्या, मी मोठ्या ठिकाणी पाठवतो. तुमचंही नाव होईल." तुमचंही, म्हणे! आधी कोणाचं होणार ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"देत नाही," केवळराम म्हणाला. "मातेची वस्तू हाय."

सुलोचनाला राहवेना. तिनं चुलीजवळूनच विचारलं, "डॉक्टरसायेब, रोग मेला म्हनता ना? मंग कुलपात कायले ठेवून राहिले? जाळून काहून नाही टाकत?"

"बाई, अभ्यास असतो. उद्या गरज पडली तर?"

"मी बी हेच म्हनतो!" केवळराम हरखला. "उद्या गरज पडली तं?"

आत्तापर्यंत भांडणारे दोघे एकदम माना डोलवू लागले. गरज कोणाला? आंधळी झालेली पोरं, चाळणी झालेली तोंडं, रिकामे पाळणे, हे सगळं पाहून पुन्हा त्याची गरज पडणार होती कोणाला?

"तू तरी असं नको बोलू," केवळराम बहिणीला समजावू लागला. "तुह्या इश्वरच्या खपल्या बी हायेत हिच्यात."

तिच्या हातातला झारा थांबला.

इश्वर तिचा एकुलता एक. सहा वर्षांपूर्वी इथेच, आजोळी, त्याच्या अंगावर माता आली. मामा कडुनिंबाचा डहाळा घेऊन उशाशी बसून असायचा. असा मामा मिळायला भाग्य लागतं, असं सगळं गाव म्हणायचं. तीही म्हणायची. ती पाण्याला गेली की मागून पोराचं कण्हणं ऐकू यायचं, "मामा, दुखते, मामा नको." तिला वाटायचं, फोड दुखत असतील.

"जित्या लेकराच्या काढल्या तू?"

"आपसुक सुटत होत्या थ्या," केवळराम म्हणाला. त्यानं तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

"दे इकडे."

बहिणीला भक्ती आली असं त्या शहाण्याला वाटलं. "डोळ्याले लाव," म्हणत त्यानं डबी तिच्या हाती दिली.

तिनं झाकण काढलं. कापूर आणि कुबट असा वास आला. आत कांद्याच्या सालीसारखा तपकिरी भुगा होता. यातला इश्वर कोणता? ती बोटानं उकरत राहिली. त्याचं एक अंगडं उरलं नव्हतं, केसाची बट उरली नव्हती. एवढंच होतं. तिनं चिमूटभर भुगा उचलला, दुसरा हात पदराची गाठ सोडायला गेला आणि ती शहारली. तीही ठेवायलाच निघाली होती! या दोघांहून ती वेगळी ती काय? तिला स्वतःच्या हाताची शिसारी आली.

तिनं चिमूट आणि डबी दोन्ही चुलीत उपडी केली.

"मातेले आग लावली!" केवळराम बोंबलत धावला. "मातेनं नेलेल्याले आग देत नाही, ठाव नाही का तुले?"

ठाऊक होतं. म्हणूनच यानं इश्वरला चिता मिळू दिली नव्हती. ती पाया पडली, तरी तलावाच्या पाळीखाली खड्डा करून त्याला पुरलं होतं.

"अहो, काय केलंत हे!" डॉक्टरही चुलीशी येऊन उकिडवा बसला. एकाच्या हातात काडी, दुसऱ्याच्या हातात चिमटा. डोक्याला डोकं लावून दोघं निखारे चाळू लागले, कुठे एखादी खपली वाचली का ते पाहायला. इश्वर तापानं फणफणत होता तेव्हा इतक्या लगबगीनं कोणी धावलं नव्हतं.

सुलोचनानं एक जाड लाकूड चुलीत सारलं. जाळ भडकला तसे दोघं दचकले.

"मांगं सरका दोघं बी," ती म्हणाली. "माहं लेकरू जळून राहिलं."